इंदूआत्याचं जोतं

महाडहून वरंधकडे जाताना आमच्या वाडीचा फाटा लागतो. त्या फाट्यावरच्या विजेच्या खांबाला सध्या एक फ्लेक्स बांधलेला आहे. त्यावर इंदूआत्याचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, ‘आमची प्रेमळ, मायाळू बहीण. शोकाकुल : समस्त बंधू परिवार.’ फोटो तिच्या लग्नातला आहे. शेजारचा नवरा कापून टाकलाय, पण त्याच्या कोटाची बाही तिच्या खांद्याला चिकटून राहिली आहे. त्या लग्नानंतरच्या सगळ्या आयुष्यात भावांनी तिचा एकही फोटो काढलेला नव्हता, म्हणून हा.

तो फ्लेक्स खोटा आहे. इंदूआत्या प्रेमळ नव्हती. मायाळू तर अजिबात नव्हती. आणि ज्यांना शोक झालाय असं तिथे छापलंय, त्यांनी तिच्या अवजारांच्या खोपीला पाया कसला असावा यावर गावकीच्या तीन बैठका बसवल्या होत्या. शाळेची भिंत पडली तेव्हा आमच्या गावकीची एकही बैठक झाली नव्हती. हे लिहितेय ते त्या फ्लेक्सला उत्तर म्हणून.

ती माझी सख्खी आत्या नव्हे, शेजारची. गावची लेक गावातच परत येऊन राहिली की ती सगळ्या पोरांची आत्या होते. असलं नातं द्यायला गाव नेहमी तयार असतं, कारण त्यात जमीन द्यावी लागत नाही.

मुंबईत नवऱ्यानं दुसरं बिऱ्हाड केलं तेव्हा ती पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. गाव म्हणायचं, टाकलेली. ती म्हणायची, “मीच टाकला त्याला. दुसरीनं उचलला, तर माझं काय गेलं?” बापाचं घर मोठं होतं, पण त्याला कुलूप असायचं. दोन्ही भाऊ मुंबईला. घर उघडायचं ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. बाकी वर्षभर इंदूआत्या मागच्या पडवीत राहायची. घर झाडायची, कौलं चाळून घ्यायची, अंगण सारवायची. पण किल्ली वाडीतल्या एका चुलतभावाकडे. साफसफाईपुरती मागून आणायची आणि संध्याकाळी परत द्यायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही मोठी होईपर्यंत वाटलं नाही, इतकं ते रोजचं होतं.

घरामागच्या परड्यात ती भाजी करायची. वांगी, मिरची, पडवळ, अळू, कडेला अबोली. पण तिची खरी कमाई रोपांची. मिरचीचं आणि वांग्याचं रोप न्यायला बायका पार पोलादपूरकडूनही यायच्या आणि शिव्या खाऊन जायच्या. कुणी वांगं दाबून बघितलं की ती हातावर चापट मारायची. “वांगं हाय ते, पोराचा गाल नाय.” महाडच्या बाजारात तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं. ती शेजारणीच्या गिऱ्हाइकाला मधेच सांगायची, “ती कालची भाजी हाय, घेऊ नको.” मग स्वतःच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणायची, “हीपण कालचीच हाय. पण मी सांगतेय तरी.”

आमच्या घराशी तिचा संबंध कागदाचा. माझे वडील अण्णा यांचं महाडला शिवणकामाचं दुकान होतं, पण त्यांचा जीव पत्रकांत. मार्च महिन्यात चवदार तळ्यावर माणसं जमतात तेव्हा अण्णा पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभे राहायचे. मी घड्या घालायला शिकले त्या आधी पत्रकांच्या, कपड्यांच्या नंतर. उरलेले गठ्ठे इंदूआत्या न्यायची आणि त्यांत रोपांच्या मुळ्या मातीसकट बांधायची. मात्र बांधायच्या आधी वाचायची. चष्मा नव्हता, म्हणून कागद हातभर लांब धरून.

एकदा अण्णांनी पत्रक काढलं : बापाच्या जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच वाटा. इंदूआत्यानं ते आमच्या ओटीवर बसून पूर्ण वाचलं. मग विचारलं, “हे खरं?”

“खरं. कायदाच आहे तसा,” अण्णा म्हणाले.

“मग तुझी बहीण पोलादपूरला दिली, तिचा वाटा कुठाय रे?”

अण्णा म्हणाले, तिनं सही करून दिली आहे, राजीखुशीनं.

“बदल्यात काय दिलंस?”

घरातून आई म्हणाली, “साडी.”

“कंची?”

“हिरवी,” आई म्हणाली.

इंदूआत्या मोठ्यानं हसली. कागदाची घडी घालून कनवटीला लावली आणि म्हणाली, “कागद चांगला हाय तुझा. रोपं वाळत नायत त्यात.” माझ्या बापाला मी मानते, आजही मानते. पण त्या सहीचं काय करायचं ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही, आणि हे लिहिताना माझा राग फक्त शेजारच्या घरावर आहे असं कुणी समजू नये.

त्यानंतर काही दिवसांनी इंदूआत्यानं जाहीर केलं की परड्यात खोपी बांधायची. फावडी, घमेली, बियाणं ठेवायला आणि रोपं झाकायला जागा. पडवीत सगळं भिजायचं. मागणी साधी होती. पण तिनं त्यात एक वाक्य घातलं, “जोतं घालून बांधणार.”

जोतं म्हणजे जमिनीवर उचलून घेतलेला दगडी चौथरा. आत डबर, वर मुरूम, मग चोपून सारवण. आमच्याकडे मेढी पुरून वर गवत किंवा पत्रा टाकला की ती खोपी. गोठाही असाच. जोत्यावर उभं राहतं ते घर. कायद्यात या फरकाला काही अर्थ नाही. हक्क जन्मानं येतो, दगडानं नाही. पण वाडी कायद्यानं चालत नाही. जोतं असेल त्याचा उंबरा मोजला जातो, त्याच्याकडून गावकीची वर्गणी घेतात, शिमग्यात देवाची पालखी त्याच्या दारात टेकते. जोतं नसेल तर तुम्ही कुणाच्या तरी घरचे असता, तुमचं घर नसतं.

म्हणून बैठक. शिमग्याला मुंबईकर आले होते, देवळात सगळे जमले. बायका बाहेर पायरीवर. इंदूआत्याचा थोरला भाऊ शांताराम पांढरीशुभ्र पँट जपत मधे बसला होता. अध्यक्ष होते रामजीतात्या, जे कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना मान हलवतात. आता मी जे सांगते आहे ते नीट ऐका, कारण माझ्या गावाचा सगळा स्वभाव त्यात आहे : त्या बैठकीत, आणि पुढच्या दोन्हीत, कुणी जमिनीचं नाव काढलं नाही. हक्क हा शब्द निघाला नाही. सगळे पायाबद्दलच बोलले.

“मेढी पूर ना चार,” शांताराम म्हणाला. “सागाच्या देतो, आपल्याच झाडांच्या. टेन्शन काय हाय तुला?”

“वाळवी,” पायरीवरून इंदूआत्या म्हणाली. “मातीत पुरलेला साग पण खाते ती.”

“डांबर लाव.”

“डांबर लावून तू राहशील का रे तुझ्या मुंबैच्या खोलीत?”

कुणीतरी म्हणालं, जोत्यानं परड्यातलं पाणी अडेल. कुणी म्हणालं, उतारावर जोतं टिकत नाही, बाजूनं धुपतं. रामजीतात्या म्हणाले, कोबा केला तर कसं. शांताराम ताडकन म्हणाला, कोबा नको, तो पण पक्काच झाला. एका मुंबईकरानं मोबाईलवर परदेशातल्या बागेतलं लाकडी घरकुल दाखवलं, नुसत्या ठोकळ्यांवर ठेवलेलं. ते सगळ्यांनी हातोहात फिरवून बघितलं. पाया हा किती गहन विषय आहे, हे आमच्या पुरुषांना त्या दिवशी कळलं. पडवीत राहणाऱ्या एका बाईला ते वाळवी, ओल आणि उतार समजावत होते. आणि अण्णा, ज्यांच्या पत्रकावर हक्क हा शब्द ठळक छापलेला होता, खांबाला टेकून गप्प बसले होते. पायरीवरून इंदूआत्या अधूनमधून त्यांच्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

तिसऱ्या बैठकीत तोडगा निघाला. मेढी शांतारामच्या सागाच्या, मात्र मातीत पुरायच्या नाहीत. प्रत्येकीखाली दगडी तळखडा ठेवायचा, म्हणजे वाळवी लागणार नाही. भिंती म्हणून कारवीचा कूड. वर पत्रे शांतारामनं द्यायचे. पण दोन तळखड्यांच्या मधे दगड भरायचा नाही, जमीन होती तशी राहू द्यायची.

“चालेल,” इंदूआत्या म्हणाली. इतक्या लवकर की रामजीतात्यांनी पुन्हा विचारलं. “चालेल म्हटलं ना. तुमची गावकी, तुमचा पाया.”

खोपी पावसाआधी उभी राहिली. शांताराम मुंबईला गेला. आणि मग इंदूआत्यानं ते काम सुरू केलं ज्याला आमच्याकडे आधी कळस मग पाया म्हणतात, आणि हसतात.

पावसाळ्यात वरंधच्या घाटात दरड येते. रस्ता मोकळा करताना दगड कडेला लोटतात आणि ते तिथेच पडून राहतात. कुणाच्या मालकीचे नसतात. घाटाकडच्या वाड्यांवर रोपं विकून येताना तिची पाटी रिकामी असायची. ती रिकामी आणेनाशी झाली. एसटीचा कंडक्टर वैतागायचा. “आत्या, भाजी नेतेस आणि डोंगर आणतेस काय?”

“तुला काय करायचंय? तिकीट काढलंय ना मी?”

“तुझं काढलंस. दगडाचं?”

“दगड माझ्या मांडीवर बसलाय. लहान हाय तो, अर्धं पण लागत नाय.”

कुडाच्या आतून तिनं तळखड्यापासून तळखड्यापर्यंत दगड रचले, फटींत चिपा ठोकल्या, मधे मुरूम ओतला. चोपणी करायला धुमस नव्हता, म्हणून जुन्या उखळाचं मुसळ. आमच्या घरात दिवसभर तो आवाज यायचा. आई म्हणायची, बघ, इंदूबाय रागावलीय. खरंच होतं. तिच्या रागाचा आवाज धप्प असा होता, दबका आणि न थांबणारा. मला पत्रकांचा राग माहीत होता, उद्गारचिन्हांचा. हा वेगळा होता, आणि मी हे कबूल करते की त्याच्यापुढे आमची पत्रकं मला पहिल्यांदा हलकी वाटली.

गणपतीला शांताराम आला. परड्यात लघवीला गेला आणि खोपीच्या दारात थांबला. आतली जमीन गुडघाभर वर आली होती आणि सारवलेली होती.

“इंदे, हे काय?”

“ओल येत होती. भर घातली.”

“हे जोतं हाय.”

“जोतं कसं होईल रे?” ती म्हणाली. तिच्या हातात शेणाचा पोतेरा होता. “जोतं आधी घालतात, मग त्याच्यावर मेढी. इथं मेढी आधी हायत. विचार तुझ्या गावकीला, छपरानंतर घातलेल्या जोत्याला काय म्हणतात.”

त्यानं खरंच विचारलं. रामजीतात्या येऊन वाकून बघून गेले. म्हातारी माणसं बोलावली. कुणालाच सांगता येईना. गावकीचे सगळे नियम घर बांधण्याच्या क्रमानं होते, आणि ही बाई उलट्या टोकानं शिरली होती. फोडायचं म्हटलं तर आधी जोतं म्हणून कबूल करावं लागणार, आणि कबूल केलं की उंबरा मोजावा लागणार. त्यामुळे त्याला कुणी काही म्हटलंच नाही. नाव न घेणं ही आमच्या गावाची जुनी युक्ती आहे. या वेळी ती त्यांच्याच पायात आली.

पुढच्या शिमग्याला इंदूआत्यानं जोतं सारवलं, चारी कडांना रांगोळी घातली. नारळ, खण, तांदूळ ताटात घेऊन दारात उभी राहिली. वर्गणी द्यायला ती आधीच रामजीतात्यांकडे जाऊन आली होती. त्यांनी घेतली नाही, “बघू, बघू” म्हणाले. ढोल वाजत पालखी आमच्या अंगणात आली, टेकली, उठली. मग बापाच्या घरी, शांतारामच्या ओटीवर टेकली. तिथून इंदूआत्याचं जोतं दहा पावलांवर. पालखीखालची पोरं घुटमळली. त्यांतल्या दोघांना तिनं लहानपणी कडेवर खेळवलेलं होतं. शांतारामनं नुसता हात केला, पुढे. ढोल पुढे गेला. पालखी पुढे गेली.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. माझे डोळे भरलेले बघून ती माझ्यावरच खेकसली. “रडतेस काय गो? देव काय स्वतः चालतो? त्याला नेतात. नेणारे कोण ते मी बघून ठेवलेत.” तिनं नारळ जोत्याच्या कडेवर फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि परड्याच्या गडग्यावर बसलेल्या पोरांना वाटले. मला पण दिला. मी तो चावला नाही, मुठीत धरून ठेवला, इतकी मला चीड आली होती. आजही शिमग्यात कुणी खोबऱ्याचा प्रसाद दिला की मी नको म्हणते.

त्याच आठवड्यात शांताराम तिला साडी घेऊन आला. घाटरस्त्यालगतच्या जमिनींना आता शहरातली गिऱ्हाइकं येतात, शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी. शांतारामलाही एक आलं होतं, आणि त्या गिऱ्हाइकाच्या वकिलाला बहिणीची हक्कसोड हवी होती. म्हणजे ज्या हक्काचं नाव तीन बैठकांत कुणी घेतलं नव्हतं, तो होता. सोडून देण्यापुरता होता.

इंदूआत्या साडी नेसून महाडला गेली. अण्णांना तिनं ओळख पटवायला साक्षीदार म्हणून नेलं. शांतारामला ते बरंच वाटलं, कारण अण्णांनी सहीच्या बदल्यात बहिणीला दिलेली हिरवी साडी सगळ्या वाडीला माहीत होती. नोंदणीच्या ऑफिसात काय झालं ते अण्णांनीच घरी येऊन सांगितलं, चहा न घेता. तिथल्या साहेबानं कागदावरून मान वर न करता विचारलं, “बाई, हे राजीखुशीनं करताय ना?” रोज विचारायचा प्रश्न. रोजचं उत्तर हो.

“नाय,” इंदूआत्या म्हणाली.

साहेबानं मान वर केली.

“नाय राजी. खुशी पण नाय. साडी चांगली हाय, ती नेसलेय.”

बाहेर आल्यावर शांताराम रस्त्यातच ओरडला की तुझं माहेर आजपासून तुटलं. ती त्याला म्हणाली, “माहेर सासुरवाशिणीचं असतं. मी तर घरातच हाय.” आणि मग अण्णांकडे वळून, “चल रे, एसटी जाईल.” अण्णांनी हे सांगितलं आणि दुकानातून आणलेली कात्री उगाच पुसत बसले.

मे महिन्यात मी पनवेलला नुकत्याच लागलेल्या नोकरीवरून चार दिवस घरी आले. त्याआधीच शांतारामनं माणसं आणून खोपी उतरवली होती. मेढी त्याच्या सागाच्या, पत्रे त्यानं दिलेले; ठरावात तसंच होतं, त्यामुळे कुणी अडवलं नाही. पडवीलाही कुलूप घातलं. जोत्याला मात्र हात लावला नाही. लावला असता तर त्याला नाव द्यावं लागलं असतं.

पुढे तिनं कळकाचं छप्पर पुन्हा घातलं. कळक कुणी दिले ते वाडीतली एकही बाई सांगत नाही, आणि त्या सगळ्यांनी आपापल्या माहेरी सह्या केलेल्या आहेत. त्याच छपराखाली ती दोन पावसाळे राहिली आणि गेल्या पावसात तापानं गेली. हे सगळं मी आईकडून फोनवर ऐकलं. पाहिलेलं नाही; त्या मे महिन्यानंतर ती असेपर्यंत माझं वाडीवर येणं झालं नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या मे महिन्यात. दुपारचं ऊन. परड्यात नुसतं जोतं होतं, वर काही नाही, बाजूला काही नाही, चार कोपऱ्यांत रिकामे तळखडे. मधोमध ट्रंक, चूल, आणि काळी छत्री उघडून इंदूआत्या मिरचीचं बी निवडत बसलेली. मी तावातावानं गेले. शांतारामला काय करता येईल, कुठे अर्ज करायचा, पत्रकात काय लिहायचं, सगळं माझ्या तोंडात तयार होतं. बोलतच मी जोत्यावर पाय ठेवला.

तिनं छत्री मागे केली आणि माझ्या पायांकडे बघितलं.

“चप्पल काढ गो,” ती म्हणाली. “घर हाय हे.”

मी खाली उतरले. चपला जोत्याखाली, कडेला नीट जोडून ठेवल्या, आणि अनवाणी वर गेले. सारवण तापलेलं होतं. तिनं छत्री थोडी माझ्या बाजूला कलती केली आणि बी निवडायला अर्धं सूप माझ्यापुढे सरकवलं.